यशयाचा मळा आणि आपली वाडी

सामान्य काळातील सत्ताविसावा रविवार, वर्ष अ
(यशया ५:१-७, मत्तय २१:३३-४३)



गेल्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर सॅक्रिस्टीत एका वेदीसेवकाने मला विचारले, "फादर, हा द्राक्षारस कुठला?" मी म्हणालो, "द्राक्षाच्या वेलीचा." तो म्हणाला, "ते ठाऊक आहे फादर, पण कुणाच्या वाडीतला?" मला उत्तर देता आले नाही. पोरगा शेतकऱ्याच्या घरातला. त्याच्या घरी केळीचा घड उतरला की आजोबा सांगत असणार, हा विहिरीकडच्या कोपऱ्यातला, हा बांधावरचा. ज्या द्राक्षारसाचे वेदीवर ख्रिस्ताचे रक्त होते तो कुठल्या मातीतून आला हे फादरला माहीत नाही, याचे त्याला नवल वाटले. खरे सांगायचे तर नंतर मलाही वाटले.

ख्रिस्तसभेने या बाबतीत नियम घातला आहे. कॅनन लॉच्या ९२४ व्या कलमानुसार मिस्सासाठी वापरायचा द्राक्षारस नैसर्गिक हवा, वेलीच्या फळापासूनच केलेला हवा आणि तो बिघडलेला नसावा. साखरेचे पाणी, रंग, सुगंध घालून केलेले पेय चालत नाही. कितीही चांगले असले तरी दुसऱ्या फळाचेही चालत नाही. आमच्या घरची जांभळाची वाइन उत्तम होत असे, पण ती वेदीवर कधी गेली नाही. इतक्या मोठ्या रहस्याच्या बाबतीत ख्रिस्तसभा फळाचा आणि त्याच्या शुद्धतेचा आग्रह धरते, हे ध्यानात ठेवा. आजच्या दोन्ही वाचनांत द्राक्षमळा आहे. म्हणून आज मी तुम्हांला एका खऱ्या द्राक्षमळ्याची गोष्ट सांगणार आहे. मी तिथे गेलेलो नाही. त्याच्याविषयी वाचले आहे, आणि तो मनातून जात नाही.

फ्रान्समध्ये ल्वार नावाची मोठी नदी आहे. तिच्या उत्तर तीरावर, आंजे शहराच्या नैर्ऋत्येला, साव्हेनियेर नावाचे गाव आहे. तिथल्या एका चढावरच्या मळ्याला 'कुले द सेरां' म्हणतात. सगळा मळा सात हेक्टरांचा, म्हणजे साधारण सतरा एकर. ११३० साली सिस्टर्शियन संन्याशांनी तिथे वेली लावल्या आणि तेव्हापासून त्या जागेवर द्राक्षांशिवाय दुसरे पीक घेतलेले नाही, असे सांगतात. मठाची जुनी इमारत अजून उभी आहे. मठवासी गेले, राजे गेले, राज्यक्रांती झाली, मालक बदलले. मळा आहे तिथेच आहे. त्या सतरा एकरांना फ्रान्सच्या कायद्याने स्वतंत्र नाव दिले आहे. बाटलीवर द्राक्षाच्या जातीचे नाव मोठ्या अक्षरांत नसते, जागेचे असते. त्या वेदीसेवकाने तिथे प्रश्न विचारला असता तर त्याला लगेच उत्तर मिळाले असते.

या संन्याशांविषयी थोडे सांगितले पाहिजे. १०९८ साली सितो येथे त्यांचा पहिला मठ स्थापन झाला. संत बेनेडिक्टची नियमावली जशीच्या तशी पाळायची, म्हणजे प्रार्थनेबरोबर स्वतःच्या हातांनी शेतात राबायचे, हा त्यांचा निश्चय होता. त्या नियमावलीत संत बेनेडिक्टने संन्याशांना दिवसाला थोडा द्राक्षारस घ्यायची मुभा दिली आहे. त्यांनी तो अजिबात घेऊ नये असे त्याला वाटत होते, पण ते काही त्यांना पटवून देता येत नाही, असेही तो थोड्या नाखुशीने नोंदवतो. (इथे मी हेही सांगून टाकतो की आजचे प्रवचन दारूची वकिली नाही. आपल्या धर्मग्रामात दारूपायी कुठली घरे बसली हे मला माहीत आहे आणि तुम्हांलाही. लग्नाच्या मांडवात फादरच्या नावावर ग्लास भरू नये.) मिस्सासाठी द्राक्षारस हवा, पाहुण्यांसाठी हवा, म्हणून मठ तिथे मळा. मठाला एक फायदा होता. माणूस चाळीस वर्षे राबतो आणि जातो, मठ शेकडो वर्षे राहतो. कोणत्या उतारावर ऊन आधी येते, कुठे पाणी साचते, कुठली वेल कुठे सुखी असते, हे पाहायला त्यांच्याकडे वेळ होता.

विसाव्या शतकात, १९६० च्या दशकात, हा मळा जोली कुटुंबाने घेतला. मुलगा निकोला अमेरिकेत शिकून न्यूयॉर्क आणि लंडनला एका मोठ्या बँकेत नोकरीला होता. १९७७ मध्ये नोकरी सोडून तो घरी परतला. तोपर्यंत मळा आई पाहत होती, जुन्या पद्धतीने. शेतीखात्याच्या सल्लागाराने नव्या मालकाला सांगितले, तुमच्या आईने चांगले चालवले आहे, पण आता आधुनिक व्हा. तणनाशक मारा, मजुरीचे पैसे वाचतील. बँकेत वाढलेल्या माणसाला हा हिशेब पटला. त्याने फवारणी केली.

दोन वर्षांत त्याच्या लक्षात आले की मातीचा रंग बदलला आहे. लाल ठिपक्यांचे लहान भुंगेरे, जे मावा खातात, दिसेनासे झाले. तितर पक्षी गेले. पैसे वाचले होते, मळा मरत होता.

बंधुभगिनींनो, हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून बाजूला ठेवले. कारण चार वर्षांपूर्वी मी अगदी हेच केले होते. तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. १५ ऑगस्टला झेंडावंदन आणि पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा सण, दोन्ही एकाच दिवशी. चर्चच्या आवारात पावसाचे गवत गुडघाभर वाढलेले. ते बेणायला तीन मजूर तीन दिवस लागले असते. पंप घेऊन येणारा एक माणूस अर्ध्या दिवसात काम करतो असे कळले, मी त्याला बोलावले. आठवड्यात सगळे आवार पिवळे पडले, सणाला स्वच्छ दिसले, दोन-चार जणांनी कौतुकही केले. पुढच्या जूनमध्ये पहिल्या मिस्साला येणाऱ्या एका आजी माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "फादर, यंदा टाकळा नाही आला." मला टाकळा म्हणजे काय हेच धड ठाऊक नव्हते. पहिल्या पावसानंतर त्या आवारातून दोन जुड्या टाकळा नि कुर्डू खुडून न्यायच्या, तेवढ्यात त्यांची दोन दिवसांची भाजी व्हायची. इतक्या वर्षांत त्यांनी कुणाला विचारले नव्हते आणि विचारायची गरजही नव्हती. मी वाचवलेल्या सहा मजुऱ्यांच्या हिशेबात ही भाजी कुठेच धरलेली नव्हती.

निकोला जोलींनी पुढे काय केले ते सांगतो. सेंद्रिय शेतीची एक शाखा आहे, तिला बायोडायनॅमिक शेती म्हणतात. रुडॉल्फ स्टायनर या विचारवंताच्या १९२४ सालच्या व्याख्यानांतून ती निघाली. १९८० मध्ये जोलींनी मळ्याच्या एका भागात ती करून पाहिली आणि १९८४ पासून सगळा मळा तसाच केला. रासायनिक खत नाही, तणनाशक नाही, कीटकनाशक नाही. चढ तीव्र असल्यामुळे नांगरणी बरीचशी घोड्याने. खतासाठी गायी. त्यांच्या पद्धतीतला एक प्रकार ऐकून तुम्हांला हसू येईल. गायीचे शेण गायीच्याच शिंगात भरून हिवाळाभर जमिनीत पुरतात, वसंतात काढून चिमूटभर पाण्यात तासभर ढवळतात आणि मळ्यावर शिंपडतात. आता मी तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी; स्टायनर यांची ग्रहताऱ्यांविषयीची आणि अदृश्य शक्तींविषयीची मते मी वाचली आहेत. ती आपल्या श्रद्धेत बसत नाहीत, आणि शिंगाचा गुण विज्ञानाने सिद्ध केला आहे असेही म्हणता येत नाही. पण शेणखत, गुरे, मिश्र झाडोरा, नांगर आणि रोजचा डोळा यांना कुठल्याही ग्रहाच्या शिफारशीची गरज नाही. आपल्या आजोबांना हे शिंगाशिवाय जमत होते.

ही शेती निर्दोष आहे असेही कुणी समजू नये. द्राक्षाचा मोठा शत्रू म्हणजे केवडा. एकोणिसाव्या शतकात हा रोग अमेरिकेतून युरोपात आला आणि त्यावर मोरचूद नि चुना यांचे मिश्रण सापडले. आपण त्याला बोर्डो म्हणतो, सुपारीवाल्यांना नवे नाही. सेंद्रिय द्राक्षवाले आजही तांब्याचाच आधार घेतात, आणि तांबे मातीतून जात नाही, साठत राहते. म्हणून युरोपीय संघाने २०१९ पासून सात वर्षांत हेक्टरी २८ किलोची मर्यादा घातली आहे. निसर्गाशी जुळवून घेणाऱ्यालाही निसर्गावर काहीतरी ओझे टाकावेच लागते. किती टाकतो ते मोजून टाकावे, एवढेच माणसाच्या हाती असते.

द्राक्ष काढणीच्या वेळी हे लोक एकाच फेरीत मळा रिकामा करत नाहीत. शेनँ ब्लां नावाची पांढरी जात आहे. नाशिककडेही ती वाइनसाठी लावतात. तिचे सगळे घड एकाच दिवशी पिकत नाहीत. तीन-चार आठवड्यांत चार-पाच वेळा मळ्यातून फिरतात आणि पिकलेलेच घड हातांनी तोडतात. उत्पन्न हेक्टरी साधारण २० ते २५ हेक्टोलिटर, म्हणजे दोन ते अडीच हजार लिटर रस. खते ओतून याच्या दुप्पट-तिप्पट काढणारे मळे आहेत. मग रस जुन्या ओक लाकडाच्या पिंपांत जातो. बाहेरचे यीस्ट घालत नाहीत; मळ्यातून द्राक्षांच्या सालीवर जे आले असेल तेच रस आंबवते. साखर घालत नाहीत. नेपोलियनचा एक मंत्री होता, शाप्ताल. रसात साखर मिसळून मद्याचे प्रमाण वाढवायची रीत त्याच्या नावाने ओळखली जाते, आणि ती रीत नेमकी त्या वर्षी कामी येते ज्या वर्षी द्राक्षे पिकलेली नसतात. कुले द सेरांमध्ये म्हणतात, वर्ष वाईट गेले तर ते वर्ष बाटलीत दिसू द्या. जोली स्वतःला द्राक्षारसाचा निर्माता म्हणवून घेत नाहीत, निसर्गाचा मदतनीस म्हणवतात. ॲरिस्टॉटलला हे आवडले असते. निसर्गाने अर्धवट सोडलेले काम कौशल्य पुढे नेते, अशी त्याची मांडणी आहे, आणि सेमिनरीत आम्ही ती परीक्षेपुरती पाठ केली होती. तिचा अर्थ मला या पिंपांपाशी कळला.

आता यशयाकडे या. त्याच्या गाण्यातला मालक पाहा. तो जमीन खणतो, दगड वेचतो, उत्तम जातीची वेल लावतो, मधोमध बुरूज बांधतो आणि खडकात रसाचे कुंडही खोदून ठेवतो. वेल लावल्यावर फळ यायला तीन वर्षे जातात. यशयाने कुंडाची गोष्ट पिकाच्या आधी सांगितली आहे. तुमच्यात जे नातू जन्मायच्या आधी त्याच्या नावाने नारळ लावतात त्यांना हा मालक समजेल. आणि एवढे करून द्राक्षे आली ती आंबट, रानटी. परमेश्वर विचारतो की माझ्याकडून काय करायचे राहिले? त्याच्या आवाजात रागापेक्षा दुःख अधिक आहे.

प्रभू येशूने तीच सामग्री घेतली. कुंपण, कुंड, बुरूज, सगळे तेच. पण गोष्ट फिरवली. येशूच्या दाखल्यात मळा वाईट नाही, पीकही चांगले आले आहे. बिघडली आहेत ती कुळे. कूळ म्हटले की आपल्याला कुळकायदा आठवतो, कसेल त्याची जमीन हे आपण अभिमानाने म्हणतो, आणि खरे सांगा, हा दाखला ऐकताना कुणाकुणाला मनातून कुळांचीच बाजू पटत असेल! राबलो आम्ही, हा परदेशात बसलेला मालक कोण? पण आपल्याकडचे कूळ पिढ्यान् पिढ्या सावकाराला फळ देऊनही उपाशी राहत होते. या दाखल्यातल्या कुळांना मळा तयार मिळाला, कुंपणासकट. त्यांनी नोकरांना मारले, मग मुलाला मारले, वारसा आपल्याला मिळावा म्हणून. ज्याने लावले त्यालाच मळ्याबाहेर काढले. लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात परमेश्वर जमिनीविषयी हेच सांगतो, की ती कायमची विकायची नाही, कारण ती त्याची आहे आणि आपण तिथे वस्तीला आलेले. सातव्या वर्षी द्राक्षमळ्याची छाटणीसुद्धा करू नका, मातीला विसावा द्या, असेही त्याच अध्यायात आहे.

यशयाचे आजचे वाचन सातव्या वचनापाशी थांबते. ते तिथे का थांबवले मला माहीत नाही. घरी गेल्यावर बायबल उघडा आणि आठवे वचन वाचा. मळ्याचे गाणे संपल्याबरोबर प्रवक्ता शोक करतो तो अशा लोकांवर जे घराला घर आणि शेताला शेत जोडत जातात, दुसऱ्याला उभे राहायलाही जागा उरत नाही इतके. आणि दहाव्या वचनात हिशेब येतो. दहा बैलजोड्या एका दिवसात नांगरतील एवढ्या द्राक्षमळ्यातून निघेल फक्त एक बथ रस. एक बथ म्हणजे साधारण बावीस लिटर. एवढ्या मळ्यातून तुमच्या घरातली एक मोठी कळशी भरेल.

वसईच्या माणसाला याचे भाष्य लागत नाही. टँकर विहिरी उपसून नेत होते ते दिवस तुमच्यातील वडीलधाऱ्यांनी पाहिले आहेत. फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईसाठी उभे राहिले तेही पाहिले आहे. जे विकून मोकळे झाले त्यांना मी या वेदीवरून बोल लावणार नाही. कुणाच्या घरी आजारपण होते, कुणाला मुलीचे शिक्षण करायचे होते, कुणाच्या सातबारावर अकरा नावे होती आणि त्यातली सात गल्फ नि कॅनडात. पानवेलीचे पिढीजात काम करायला मुलगा तयार नाही, मजूर मिळत नाही. रात्री झोप न येणाऱ्या बापाचा हिशेब मी कुठून चुकवू? पण एक गोष्ट मी विचारतो. ज्यांची वाडी अजून आहे त्यांनी तिचे काय चालवले आहे? विकली नाही, ठीक. पण बांधावर तणनाशक, केळीला पोत्यावर पोती युरिया, आणि विहिरीचे पाणी पोर प्यायला लागले की आपण म्हणतो, नको, बाटलीतले पी. नाशिकच्या बागायतदारांना हा धडा बाजाराने शिकवला. २०१० साली त्यांची द्राक्षे युरोपात अडकली, कारण त्यांत लिहोसिनचे अंश सापडले. पुष्कळ कुटुंबे कर्जात गेली. आता तिथे द्राक्ष परदेशी जायच्या आधी तपासले जाते. आपली केळी नि भाजी जवळच्या बाजारात जाते, तिला कुणी अडवत नाही. ती खातात ती आपलीच माणसे.

मिस्सामध्ये अर्पणाच्या वेळी मी प्याला उचलतो तेव्हा जी प्रार्थना म्हणतो तिच्यात वेलीचाही उल्लेख आहे आणि माणसाच्या हातांच्या कष्टांचाही. त्या चार वर्षांपूर्वीच्या सणाच्या दिवशीही मी ती म्हटली. बाहेर आवार पिवळे पडले होते.

आजी अजून पहिल्या मिस्साला येतात. त्यांच्याशी बोलून आणि धर्मग्राम परिषदेला विचारून आम्ही फवारणी बंद केली, त्याला तीन वर्षे झाली. पावसात दर शनिवारी दुपारी चार वाजता विळे घेऊन काही भगिनी आणि दोन-तीन तरुण गवत काढायला येतात. ज्यांना यायचे आहे त्यांनी पुढच्या पावसात यावे, विळा आपापला आणावा. शेणखत एका घरून मिळते, ते पसरायचे काम मी स्वतः करतो, फार चांगले नाही करत. वेदीसेवकाला मी सांगितले आहे की सॅक्रिस्टीतल्या द्राक्षारसाचा पत्ता विचारून घेईन. पत्र पाठवले आहे.

टाकळा या जूनमध्ये विहिरीकडच्या बाजूला आला. आजींनी एक जुडी नेली आणि एक माझ्या दारात ठेवली. ग्रोटोच्या बाजूला, जिथे पंपवाल्याने दोनदा फवारले होते, अजून काही उगवलेले नाही.